‘नॅनेट’ अर्ध्यावर सोडू नका

हॅना गॅड्सबी या ऑस्ट्रेलियन विनोदकाराचा ‘नॅनेट’ हा कार्यक्रम १९ जून २०१८ ला नेटफ्लिक्सवर आला. इतकी वर्षं लोटली तरी त्याबद्दल मराठीत सविस्तर काही माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. कार्यक्रम एक तास नऊ मिनिटांचा आहे आणि सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये चित्रित केलेला आहे. गडद कोट घातलेली, चष्मा लावलेली एक व्यक्ती आणि समोर माइक, एवढंच. नेपथ्य नाही, नाच-गाणं नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं तुम्ही मनापासून हसाल. मग हसण्यातलं अंतर वाढत जाईल आणि शेवटाकडे हसू बहुधा येणारच नाही. पुष्कळ जण नेमके तिथे कंटाळून किंवा अस्वस्थ होऊन टीव्ही बंद करतात. करू नका. एकटा माणूस माइकसमोर उभा राहून काय करू शकतो, हे मला या कार्यक्रमाइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याही कार्यक्रमाने दाखवलेलं नाही. त्यात काही कच्चे दुवेही आहेत. ते नेमके माझ्या विषयातले आहेत, त्यामुळे तेही सांगणार आहे.

मी कराडला माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. आपल्याकडे एकट्याने हसवण्याचा प्रकार म्हणजे एकपात्री. त्यात कलाकार दहा माणसं उभी करतो, आवाज बदलतो, चाल बदलतो, आणि प्रेक्षक त्या दहा जणांना हसतात. स्टँडअपमध्ये माणूस स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्याच आवाजात बोलतो. त्यामुळे तिथे कोण उभं आहे याला फार महत्त्व येतं. तोच विनोद वेगळ्या माणसाच्या तोंडी गेला की त्याचा अर्थ बदलतो. ‘नॅनेट’चा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

गॅड्सबी स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कशातच बसवत नाहीत, म्हणून मी इथे आडनाव आणि आदरार्थी रूप वापरते आहे. शीर्षकातली नॅनेट ही एका छोट्या गावातल्या कॅफेत काम करणारी बाई. तिला बघून गॅड्सबींना वाटलं की हिच्यावर तासभराचा कार्यक्रम होईल. तो काही झाला नाही, पण नाव आधीच देऊन झालं होतं, ते तसंच राहिलं.

हा कार्यक्रम ज्या वर्षी ऑस्ट्रेलियात गाजत होता, ते वर्ष समजून घेतलं तर तो जास्त कळतो. माझी भाची मेलबर्नला नर्स आहे आणि आता तिथली नागरिक आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिच्या घरी टपालाने एक कागद आला. समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं म्हणून कायदा बदलावा का? हो किंवा नाही यावर खूण करा आणि परत पाठवा. देशातल्या सगळ्या मतदारांना असा कागद गेला होता. पुढचे दोन महिने टीव्हीवर, पत्रकांमध्ये, दवाखान्याच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. जवळजवळ ८० टक्के लोकांनी कागद परत पाठवले, त्यातले ६१.६ टक्के ‘हो’ म्हणाले, आणि डिसेंबरमध्ये कायदा बदलला. निकाल चांगलाच लागला. पण त्या दोन महिन्यांत तिच्या वॉर्डातली एक सहकारी नर्स कशी खचत गेली, हे भाचीने बघितलं होतं. ती मला म्हणाली, “मावशी, तिने लग्न करावं की नाही, हे तिच्या शेजारच्यांना विचारत होते गं.” हा कार्यक्रम मला तिनेच सुचवला. एकटीने बघ आणि मध्ये थांबवू नकोस, एवढं बजावलं.

गॅड्सबींचा जन्म १९७८ चा. लहानपण गेलं ते टास्मानिया बेटाच्या वायव्य टोकाला, स्मिथटन नावाच्या लहानशा गावात. टास्मानियात पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हा होता आणि कायद्यात त्यासाठी २१ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती. १९८८ मध्ये होबार्ट शहरातल्या सलामांका बाजारात हा कायदा बदला म्हणून सह्या गोळा करणारा एक स्टॉल लागला. महापालिकेने त्याला बंदी घातली आणि पोलिसांनी शंभराहून जास्त लोकांना पकडलं. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं. १९९४ मध्ये समितीने टास्मानियाच्या विरोधात मत दिलं, तरी कायदा जायला १९९७ उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या राज्यांमध्ये हे शेवटचं. म्हणजे आपण कोण आहोत हे ज्या वयात उमगायला लागतं, त्या दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत गॅड्सबींच्या आजूबाजूला याच विषयावर कडाक्याचं भांडण चालू होतं. कार्यक्रमात त्या काळाबद्दल फार मोजकी वाक्यं आहेत. ज्या माणसांनी मला वाढवलं, माझ्यावर प्रेम केलं, ज्यांच्यावर मी विश्वास टाकला, त्यांतली सत्तर टक्के माणसं मी जे आहे त्याला पाप मानत होती, असं गॅड्सबी सांगतात. ती माणसं वाईट होती असं त्यांचं म्हणणं नाही. त्यांच्यात वाढताना तो तिरस्कार स्वतःच्याच मनात रुजला, हे त्यांना सांगायचं आहे.

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला लागला. कार्यक्रम आला जूनमध्ये. म्हणजे ज्यांनी तो इथे सुरुवातीलाच बघितला, त्यांच्या डोक्यावर तेव्हा तो कायदा होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘हे सगळं परदेशातलं’ असं म्हणून हा कार्यक्रम बाजूला सारणारी माणसं मला भेटली आहेत.

आता पहिल्या भागाकडे. गॅड्सबींचा आवाज मऊ आहे, बोलणं सावकाश, मध्येच किंचित अडखळल्यासारखं. ते अडखळणं किती मोजूनमापून केलेलं आहे, हे दुसऱ्यांदा बघताना कळतं. एक विनोद समलिंगी लोकांच्या इंद्रधनुषी झेंड्यावर आहे. त्यामागचा विचार उत्तम आहे, पण झेंडा म्हणून तो जरा जास्तच भडक झालाय, असं त्यांचं मत. सहा ठसठशीत रंग एकावर एक, डोळ्याला विसावा कुठेच नाही. रंगसंगती शिकवणारी बाई म्हणून मला हे शंभर टक्के पटलं. पण त्या विनोदाच्या पोटात दुसरंही काही आहे. सगळ्यांनी मिरवणुकीत नाचलंच पाहिजे का? शांत माणसांनी कुठे जायचं? कपबशीतला कप बशीवर नीट टेकतो, तो आवाज गॅड्सबींना सगळ्यात प्रिय. आपल्या वेगळेपणाचा गाजावाजा नको असलेला वेगळा माणूस, ही कल्पनाच मला नवीन होती.

दुसरा विनोद एका प्रेक्षक बाईच्या तक्रारीचा. तिचं म्हणणं, तुमच्या कार्यक्रमात लेस्बियन विषय फारच कमी असतो. गॅड्सबींचं म्हणणं, कार्यक्रमभर माझ्याशिवाय स्टेजवर दुसरं कोणी नव्हतं! इथे सभागृह दणाणतं. पण विनोद टोकदार आहे. वेगळ्या माणसाला स्टेजवर बोलावलं की त्याने सतत त्याच एका गोष्टीबद्दल बोलत राहावं ही अपेक्षा किती घट्ट असते! गॅड्सबी म्हणतात, लेस्बियन असण्यापेक्षा माझा जास्त वेळ स्वयंपाकात जातो, पण ‘स्वयंपाकी विनोदकार’ अशी माझी ओळख कोणी करून देत नाही.

मग विनोदाची यंत्रणाच उघडून दाखवली जाते, आणि कार्यक्रम खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. स्टँडअप करणारी मुलं ‘सेटअप’ आणि ‘पंचलाइन’ म्हणतात ना, तेच. सेटअपमध्ये कलाकार प्रेक्षकांच्या मनात ताण निर्माण करतो, पंचलाइनने तो सोडतो, आणि सुटलेल्या ताणाचं हसू होतं. पतंग उडवणाऱ्याने खेच द्यायची आणि मग ढील द्यायची, तसं. गॅड्सबी सरळ सांगतात की हा ताण मीच तयार केलेला आहे, म्हणजे आधी तुम्हाला अस्वस्थ करायचं आणि मग त्यातून सोडवल्याचं श्रेयही मीच घ्यायचं. ताण निवळवायची ही कला त्यांना फार लहानपणीच अवगत झाली, कारण खोलीत त्यांच्या असण्यानेच ताण यायचा. हसवलं की तो जायचा. जगायला ते लागत होतं.

इथे मी टीव्ही थांबवला, भाचीने बजावलं होतं तरी. माझा एक मामेभाऊ आहे. घरातल्या प्रत्येक लग्नात, हळदीच्या रात्री, त्याला मध्ये उभं करायचे. तो पदर घ्यायचा, कमरेवर हात ठेवून मामीची, शेजारच्या काकूंची नक्कल करायचा. अंगण हसून लोळायचं. गावच्या जत्रेतल्या तमाशात नाच्या आला की लोक जसे हसायचे, तसंच अगदी. त्याच्या चालण्यावर, हातवाऱ्यांवर सगळ्यांत आधी विनोद तो स्वतःच करायचा. चाळिशी उलटल्यावर एकदा त्याने मला आणि त्याच्या सख्ख्या बहिणीला बसवून सगळं सांगितलं. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. “ताई, हसणारा माणूस हात उगारत नाही. म्हणून मी हसवत राहिलो.”

गॅड्सबींचं सगळ्यात गाजलेलं वाक्य याच जागेवर बोट ठेवतं. जो आधीच काठावर ढकललेला आहे, तो स्वतःला हसतो तेव्हा ती नम्रता नसते, तो स्वतःचाच अपमान असतो, आणि तो केवळ बोलायची परवानगी मिळावी म्हणून केलेला असतो, असा त्याचा आशय. यापुढे हे करायचं नाही, आणि त्यासाठी विनोदच सोडावा लागत असेल तर सोडेन, असं गॅड्सबी भर कार्यक्रमात जाहीर करतात. २००६ मध्ये नवोदितांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्यापासून त्यांची दहा-अकरा वर्षं याच प्रकारच्या विनोदावर उभी होती, हे लक्षात घेतलं की त्या वाक्याचं वजन कळतं.

पुढच्या दोन परिच्छेदांत कार्यक्रमातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे. आधी बघायचं असेल तर ते सोडून पुढे जा, बघून झाल्यावर परत या.

पहिल्या भागात बसस्टॉपवरचा एक किस्सा आहे. रात्रीची वेळ. गॅड्सबी एका मुलीशी बोलत आहेत. तिचा मित्र येतो, गॅड्सबींना पुरुष समजतो, आपल्या मैत्रिणीच्या मागे लागलाय म्हणून शिव्या देतो, ढकलतो. मग समोर बाई आहे हे त्याच्या लक्षात येतं आणि तो चक्क माफी मागतो, आपण बायकांवर हात टाकत नाही म्हणतो. त्याचा गोंधळ, त्याचं ते ‘सभ्य’ होणं, सगळं इतकं मस्त सांगितलंय की सभागृह खळखळून हसतं. शेवटाकडे तोच किस्सा परत येतो. गॅड्सबी म्हणतात, विनोदाला दोनच भाग लागतात, सेटअप आणि पंचलाइन. गोष्टीला तीन लागतात, सुरुवात, मध्य आणि शेवट. विनोद करायचा म्हणून शेवट कापावा लागला होता. तो शेवट असा, की त्या माणसाला थोड्या वेळाने दुसरी गोष्ट कळली, समोरची बाई लेस्बियन आहे ही. तो परत आला आणि त्याने मरेस्तोवर मारलं. कोणी मध्ये पडलं नाही. गॅड्सबी पोलिसांत गेले नाहीत की दवाखान्यात गेले नाहीत, कारण आपली लायकी एवढीच आहे असं त्यांना तेव्हा वाटलं. यावेळी पंचलाइन येत नाही. सभागृहातला ताण तसाच राहतो, आणि तो आता तुमचा आहे, मी तो निवळवणार नाही, असं गॅड्सबी प्रेक्षकांना सांगतात. लहानपणच्या आणि तरुणपणच्या लैंगिक अत्याचारांचा उल्लेखही याच भागात आहे. तो थोडक्यात असला तरी फार जड आहे.

पण मला सर्वात हलवून गेला तो आईचा भाग. आईला सांगितल्याचा किस्साही आधी विनोद म्हणूनच येतो. आई म्हणते, हे मला कशाला सांगितलंस? मी खुनी आहे असं मी तुला सांगितलं असतं तर? हशा. मग त्याचाही शेवट येतो. अनेक वर्षांनी आईने म्हटलेलं असतं की, तुझं आयुष्य अवघड जाणार हे मला तुझ्या आधीच कळलं होतं, आणि जग बदलणार नाही म्हणून मी तुलाच बदलायला बघत होते, ते चुकलं माझं. गॅड्सबी म्हणतात, आईचा हा मोठेपणा माझ्या विनोदात कधी आलाच नाही, कारण हशा त्याच्या अलीकडेच संपत होता. शाळेत रोज पालक भेटतात म्हणून असेल, पण हे ऐकून मला गलबलून आलं. टोमणा मारणारी आई स्टेजवर चालते. माफी मागणारी आई विनोदात बसत नाही, आणि मग जगाला ती कळतच नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. गॅड्सबींनी विद्यापीठात कलेचा इतिहास शिकलेला आहे आणि कार्यक्रमाचा मोठा भाग त्याने व्यापलाय. एका प्रेक्षकाने त्यांना सल्ला दिलेला असतो की नैराश्यावर गोळ्या घेऊ नका, चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने औषधं घेतली असती तर जगाला त्याची सूर्यफुलांची चित्रं मिळाली नसती. गॅड्सबी त्याला झोडून काढतात. व्हॅन गॉग औषधं घेत होता, त्याने डॉक्टरांचं चित्र काढलंय, त्यात फॉक्सग्लोव्ह ही औषधी वनस्पती आहे, आणि तिच्यापासून बनलेल्या औषधाचा डोस जास्त झाला तर पिवळा रंग प्रखर दिसू शकतो. टाळ्या कडाडतात. इथे मला थांबावं लागतं. सूर्यफुलांची ती प्रसिद्ध चित्रं फ्रान्समधल्या आर्ल गावातली, ऑगस्ट १८८८ मधली आहेत. त्या डॉक्टरांचं, गॅशेंचं, चित्र जून १८९० मधलं, ओव्हेर या दुसऱ्या गावातलं. सूर्यफुलं रंगवली तेव्हा गॅशे त्याच्या आयुष्यात आलेच नव्हते. पिवळ्या रंगाचा औषधाशी जोडलेला संबंध हा एक तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. टाळ्यांसाठी दोन वर्षं एकत्र घडी घातली आहेत.

तरीही त्याच्या पुढचं वाक्य मी वर्गात सांगायला लागले आहे. सूर्यफुलं आपल्याला मिळाली ती व्हिन्सेंटने सोसलं म्हणून मिळाली नाहीत. त्याच्यावर प्रेम करणारा भाऊ होता, म्हणून मिळाली. हे तारखांनीही खरं ठरतं. थिओ पॅरिसमध्ये चित्रांच्या व्यापारात होता आणि दर महिन्याला पैसे, रंग, कॅनव्हास पाठवत होता. मी त्यात आणखी एक नाव घालते. जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंट गेला, जानेवारी १८९१ मध्ये थिओही गेला, आणि उरलेली सगळी चित्रं, सगळी पत्रं कडेवर तान्हं मूल असलेल्या थिओच्या बायकोने, यो व्हॅन गॉग-बोंगरने सांभाळली. तिने प्रदर्शनं भरवली, १९१४ मध्ये पत्रं छापून आणली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं मला विचारतात की मोठा चित्रकार व्हायला वेडं व्हावं लागतं का. त्यांना या दोघांची नावं सांगणं फार गरजेचं आहे.

पिकासोचा भाग मात्र मला पातळ वाटला. १९२७ मध्ये पंचेचाळीस वर्षांच्या, विवाहित पिकासोने सतरा वर्षांच्या मारी-तेरेझ वाल्टरशी संबंध सुरू केले. गॅड्सबींचा यावरचा संताप योग्यच आहे. सतराव्या वर्षी कुठलीही मुलगी ऐन उमेदीत नसते, ऐन उमेदीत आत्ता, या वयात मी आहे, हे वाक्य टाळ्या घेऊन जातं आणि घ्यायलाच हवं. पण तिथून उडी थेट घनवादावर, म्हणजे क्यूबिझम या चित्रशैलीवर. एकाच वेळी सगळ्या बाजूंनी बघतो म्हणणाऱ्या या कलेत एका तरी बाईची बाजू होती का, असा प्रश्न आहे. प्रश्न जोरदार आहे. पण घनवाद एकट्या पिकासोचा नव्हता, चित्रकार जॉर्ज ब्राक त्याच्या बरोबरीने होता, आणि त्याचा बहराचा काळ या प्रकरणाच्या कितीतरी आधीचा, पहिल्या महायुद्धापूर्वीचा. माणसावरचा राग आणि चित्रशैलीवरची टीका यांची इथे सरमिसळ झाली आहे. पुढे २०२३ मध्ये गॅड्सबींनी ब्रुकलिन म्युझियममधल्या पिकासोवरच्या प्रदर्शनाची मांडणी करण्यात भाग घेतला, तेव्हा कलासमीक्षकांनी त्यावर सडकून टीका केली. स्टेजवर दहा मिनिटं चालतं ते दालनाच्या भिंतीवर तोकडं पडतं. मात्र कलाकार आणि कला वेगळी ठेवा म्हणणाऱ्यांना गॅड्सबी जे सुचवतात, ते मला बिनतोड वाटतं: मग चित्रांवरचं पिकासोचं नाव काढा आणि लिलावात काय किंमत येते ते बघा.

हा विनोद आहे की व्याख्यान, हा वाद कार्यक्रम आल्यापासून चालू आहे. पुरस्कार देणाऱ्यांना हा प्रश्न पडला नसावा. २०१७ मध्ये मेलबर्नच्या विनोद महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, त्याच वर्षी एडिनबराचा (तो दोघांत विभागून), आणि २०१९ मध्ये लेखनाचा एमी हा अमेरिकेतला टीव्हीचा पुरस्कार. माझ्या मते शेवटची पंधरा मिनिटं परिणाम करतात ती आधीच्या पाऊण तासात इतक्या चोख बांधलेल्या विनोदांमुळेच. नुसता राग ऐकायला कोणी थांबत नाही. गॅड्सबी आधी विश्वास कमावतात, मग तो पणाला लावतात. ज्याला विनोद बांधता येतो त्यालाच तो असा मोडता येतो.

‘आमच्याकडे विविधता आहे’ असं सांगणाऱ्या पोस्टरांबद्दल माझं एक मत या कार्यक्रमाने पक्कं केलं. पाच पुरुषांच्या मध्ये एक बाई, किंवा एक वेगळा माणूस, असं चित्र पोस्टरवर छान दिसतं. पण त्या एकट्याच्या अंगावर सगळ्या समाजाचं प्रतिनिधित्व येतं, आणि बहुतेक वेळा त्याला पहिलं वाक्य स्वतःच्या अंगावर, रंगावर, जातीवर किंवा चालण्यावर विनोद करूनच म्हणावं लागतं. खुद्द गॅड्सबींनाही हे चुकलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन विनोदकार डेव्ह शॅपेलच्या कार्यक्रमातल्या पारलिंगी लोकांबद्दलच्या विनोदांवरून नेटफ्लिक्सवर टीका झाली, तेव्हा कंपनीच्या प्रमुखांनी आमच्याकडे गॅड्सबींचेही कार्यक्रम आहेत असा दाखला दिला. माझं नाव यात ओढू नका, असं गॅड्सबींनी जाहीरपणे सुनावलं. मग २०२४ मध्ये त्याच नेटफ्लिक्सवर त्यांनी ‘जेंडर अजेंडा’ नावाचा कार्यक्रम केला. त्यात स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारे सात विनोदकार एकामागून एक येतात, भारतीय वंशाचे आलोक वैद-मेनन त्यांतले एक. सातही जणांचा बाज वेगळा. कोणाला हसू येतं, कोणाला येत नाही. एखाद्याचा विनोद फसला तर तो त्याचा एकट्याचा फसतो, सगळ्या समाजाचा नाही. आपल्याकडे मुंबईत ‘ब्लू मटेरियल’ नावाने दलित विनोदकार एकत्र आले, आपल्या बीडची अंकुर तांगडे त्यांत आहे, तेव्हा मला त्यातही हीच गोष्ट महत्त्वाची वाटली. एकाच्या जागी चौघं असली की कोणालाच नमुना म्हणून उभं राहावं लागत नाही. सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांतून आता ओपन माइक होतात. आयोजक मुलांनी एवढं तरी करावं, एकीला बोलावण्याऐवजी तिघींना बोलवावं.

बघणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. ऑस्ट्रेलियन उच्चार सवयीचे नसतील तर इंग्रजी सबटायटल लावा, गॅड्सबी शब्द गिळतात आणि काही उत्तम विनोद त्यात निसटतात. शिव्या भरपूर आहेत. घरात सगळे बसलेले असताना, जेवताना वगैरे लावायचा हा कार्यक्रम नाही, आणि नववी-दहावीच्या मुलांना दाखवायचा असेल तर आधी स्वतः पूर्ण बघा. ज्यांनी स्वतः मारहाण किंवा अत्याचार सोसलाय, त्यांनी शेवटचा भाग कोणीतरी जवळ असताना बघावा. व्हॅन गॉगचा भाग मी वर्गात फक्त तोंडी सांगते, दाखवत नाही.

आवडला तर पुढे २०२० चा ‘डग्लस’ बघा, तोही नेटफ्लिक्सवर आहे. डग्लस हे गॅड्सबींच्या कुत्र्याचं नाव. त्यात ऑटिझमचं निदान झाल्यानंतरचं बोलणं आहे, आणि चित्रांवरचा भाग ‘नॅनेट’पेक्षा खूप जास्त गंमतीचा आहे. सुरुवातीलाच पुढे काय काय होणार हे सगळं सांगून टाकतात, आणि तरीही ते ते आलं की हसू फुटतंच. दोन्ही एकाच रात्री लावू नका. मध्ये आठवडाभर तरी जाऊ द्या.